सैनिकाची जखम आणि कागदाचा पुरावा : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्व दाव्यांतील वैद्यकीय नोंदींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युद्धाच्या इतिहासात राजे, सेनापती, लढाया आणि तह यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे युद्ध संपल्यावर घरी परतलेल्या सामान्य सैनिकाला मिळत नाही. रणांगणावरील त्याचा पराक्रम लिहिला जातो. परंतु त्यानंतरची त्याची दुसरी लढाई बहुधा अलिखित राहते. ही दुसरी लढाई शस्त्रांची नसून कागदांची असते. आपल्या शरीराला झालेली इजा अथवा जडलेला आजार हा सैन्यसेवेचाच परिणाम आहे, हे शासनापुढे सिद्ध करणे हे या लढाईचे स्वरूप होय. सैनिकाला झालेली वेदना खरी असली तरी शासनाच्या दृष्टीने ती नोंदीत सापडल्याशिवाय खरी ठरत नाही. नोंद सैनिकाने केलेली नसते. ती लष्करी डॉक्टरने, कारकुनाने अथवा रुग्णालयाने केलेली असते. ती जपण्याची जबाबदारीही शासनाचीच असते. तरीही ती हरवली, जळाली अथवा मुळात केलीच गेली नाही, तर त्याची झळ मात्र सैनिकाला बसते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा इतिहास दोन शतकांहून अधिक जुना आहे. तेथील कायदे, कचेऱ्या, अभिलेखागारे आणि न्यायालये यांच्या वाटचालीत ‘पुरावा म्हणजे काय आणि तो कोणी द्यावयाचा’ हा प्रश्न वारंवार पुढे आलेला दिसतो. प्रस्तुत शोधनिबंधात या वाटचालीचा आढावा घेतलेला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्व दाव्यांत वैद्यकीय नोंदींना महत्त्व कसे प्राप्त झाले, हे पाहणे.
२) नोंदी नष्ट झाल्यामुळे निर्माण झालेल्या प्रश्नांचा, विशेषतः १९७३ च्या सेंट लुईस येथील आगीचा, अभ्यास करणे.
३) पुराव्याचे ओझे सैनिकाकडून शासनाकडे कसे व किती प्रमाणात सरकले, याचे विश्लेषण करणे.
४) दाव्यासाठी वैद्यकीय कागदपत्रे सिद्ध करण्याच्या आजच्या पद्धतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायालयीन निर्णय आणि अभिलेखसंस्थांनी प्रसिद्ध केलेली माहिती यांचा आधार घेतलेला आहे.

१. प्रारंभीचा काळ : स्मरण हाच पुरावा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू असतानाच २६ ऑगस्ट १७७६ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने अपंग सैनिकांसाठी पहिला राष्ट्रीय निवृत्तिवेतन कायदा संमत केला. सेवेत असताना अवयव गमावलेल्या अथवा उपजीविका करण्यास असमर्थ झालेल्या सैनिकास अर्धे वेतन द्यावे, अशी त्यात तरतूद होती. मात्र अंमलबजावणीचे काम राज्यांवर सोपविलेले असल्यामुळे कोणता पुरावा ग्राह्य धरावा, याबाबत एकवाक्यता नव्हती.

१७९२ मध्ये अपंगत्वाच्या दाव्यांची तपासणी करण्याचे काम संघीय न्यायाधीशांकडे देण्यात आले. त्यांच्या निर्णयावर युद्धमंत्र्यांना फेरविचार करता येत असल्यामुळे न्यायाधीशांनी त्यास आक्षेप घेतला आणि पुढील वर्षीच कायद्यात बदल करावा लागला. अपंगत्व ठरविणे हे न्यायदानाचे काम की प्रशासनाचे, हा वाद एवढा जुना आहे.

८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्ध खात्याच्या कार्यालयास आग लागून तेथील कागदपत्रे नष्ट झाली. त्यांत स्वातंत्र्ययुद्धाच्या नोंदी व त्या काळापर्यंत आलेले निवृत्तिवेतनाचे अर्जही होते. याचा परिणाम पुढील कायद्यांवर झाला. १८३२ च्या कायद्याखाली सेवेबद्दल निवृत्तिवेतन मागणाऱ्या वृद्ध सैनिकांना स्थानिक न्यायालयापुढे शपथेवर आपली हकिकत सांगावी लागे. कोणत्या तुकडीत होतो, अधिकारी कोण होते, कोठे व केव्हा लढलो, हे सारे पन्नास वर्षांनंतर आठवून सांगावयाचे होते. शेजारी व धर्मोपदेशक त्यांच्या सचोटीची साक्ष देत. शासनाच्या दफ्तरात कागद नसेल तर माणसाच्या स्मरणाला किंमत द्यावी लागते, हे तत्त्व येथे प्रथम व्यवहारात आलेले दिसते. पुढे दीडशे वर्षांनी याच तत्त्वाकडे अमेरिकेला पुन्हा वळावे लागले.

२. यादवी युद्ध व १८६२ चा कायदा

यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) या प्रश्नाचे स्वरूपच बदलून टाकले. उत्तरेकडील सैन्याचे सुमारे ३,६०,००० सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी प्रत्यक्ष लढाईत अथवा जखमांमुळे मरण पावलेले सुमारे १,१०,००० होते. उरलेल्यांपैकी बहुसंख्य रोगराईने गेले. जे वाचले त्यांपैकी अनेकांना जुलाब, संधिवात, हिवताप यांसारख्या व्याधी कायमच्या चिकटल्या. तुटलेला हात डोळ्यांना दिसतो. परंतु छावणीतील दूषित पाण्यामुळे जडलेला पोटाचा विकार दहा वर्षांनंतर कसा दाखवावयाचा, हा खरा प्रश्न होता.

१४ जुलै १८६२ रोजी संमत झालेल्या कायद्याने लष्करी कर्तव्याचा प्रत्यक्ष परिणाम म्हणून आलेल्या अपंगत्वासाठी निवृत्तिवेतन मंजूर केले. पूर्ण अपंगत्व आलेल्या साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर, तर लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्यास दरमहा ३० डॉलर असे दर होते. अर्जदाराने सेवामुक्तीच्या वेळचे शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र, अधिकाऱ्याचे अथवा सहकाऱ्यांचे शपथपत्र आणि अपंगत्व अद्याप कायम असल्याचा वैद्यकीय दाखला सादर करावयाचा होता. निवृत्तिवेतन आयुक्तांना तपासणी शल्यचिकित्सक नेमण्याचा अधिकार मिळाला. पुढे ठिकठिकाणी तीन शल्यचिकित्सकांची मंडळे काम पाहू लागली. सेवेतील नोंद, साक्षीदारांचे कथन आणि सद्यःस्थितीची वैद्यकीय तपासणी या तीन खांबांवर दाव्याची इमारत उभी राहिली. आजही ती बव्हंशी त्याच खांबांवर उभी आहे.

या व्यवस्थेत सर्वांना समान न्याय मिळाला असे मात्र म्हणता येत नाही. उत्तरेकडील सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांपैकी अनेक जण पूर्वी गुलाम होते. त्यांच्या जन्माची नोंद नव्हती. मालकाने दिलेले नाव टाकून त्यांनी नवे नाव घेतलेले होते. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. लष्करी रुग्णालयांत त्यांना मिळालेली वागणूक कमी प्रतीची असल्यामुळे त्यांच्या आजारांची नोंदही अपुरी होती. परिणामी गोऱ्या सैनिकांच्या तुलनेत त्यांचे दावे मंजूर होण्याचे प्रमाण कमी राहिले, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. उपचार करताना झालेला पक्षपात अशा रीतीने पुढे पुराव्यातही उतरला.

२७ जून १८९० च्या कायद्याने सेवासंबंध सिद्ध करण्याची अट शिथिल केली. किमान ९० दिवस सेवा, सन्मानपूर्वक सेवामुक्ती आणि अंगमेहनतीचे काम करण्याची असमर्थता एवढे पुरेसे ठरले. मात्र अपंगत्व दुर्व्यसनांमुळे आलेले नसावे, अशी अट होती. निवृत्तिवेतनधारकांची संख्या झपाट्याने वाढली आणि १८९३ च्या सुमारास हा खर्च संघीय शासनाच्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. त्यामुळे ‘खोटे दावेदार’ हा राजकीय टीकेचा विषय बनला. सैनिकाकडे कृतज्ञतेने पाहावे की संशयाने, हा या व्यवस्थेतील अंतर्विरोध तेव्हापासून कायम आहे.

३. नोंदींचे कार्डीकरण आणि फोर्ड नाट्यगृहाची दुर्घटना

दाव्यांची संख्या वाढताच युद्धकाळातील रुग्णालयांच्या नोंदवह्या, हजेरीपट आणि शल्यचिकित्सकांचे अहवाल पुन्हा पुन्हा चाळावे लागू लागले. एका सैनिकाचे नाव शोधण्यासाठी अनेक वह्या उलटाव्या लागत. हाताळून हाताळून पाने फाटू लागली आणि प्रलंबित प्रकरणांचा ढीग वाढत गेला. १८८६ मध्ये या विभागाची सूत्रे लष्करी शल्यचिकित्सक फ्रेड एन्सवर्थ यांच्याकडे आली. त्यांनी नोंदवहीतील प्रत्येक नोंद स्वतंत्र कार्डावर उतरवून एका सैनिकाची सर्व कार्डे एकत्र ठेवण्याची पद्धत अमलात आणली. वही ही रुग्णालयाची होती. कार्ड हे सैनिकाचे झाले. अभिलेखांची मांडणी संस्थेनुसार न करता व्यक्तीनुसार करण्याचा हा बदल दिसावयास साधा असला तरी त्यामुळे दाव्यांचा निपटारा कितीतरी वेगाने होऊ लागला.

या कामाची किंमत मात्र कारकुनांनी मोजली. वॉशिंग्टनमधील ज्या फोर्ड नाट्यगृहात १४ एप्रिल १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली, ती इमारत पुढे शासनाने विकत घेतली होती. तेथेच नोंदी उतरविणारे कारकून बसत. ९ जून १८९३ रोजी तळघरात विजेच्या यंत्रसामग्रीसाठी खोदकाम सुरू असताना मजले कोसळले आणि २२ कर्मचारी ठार झाले. युद्ध संपून २८ वर्षे झाली होती. सैनिकांच्या जखमांचा हिशेब लिहिणाऱ्यांचाच असा बळी जावा, ही इतिहासातील एक विषण्ण करणारी घटना होय.

४. महायुद्धांचा काळ : प्रवेशाची तपासणी व कायदेशीर गृहीतक

पहिल्या महायुद्धात सक्तीच्या भरतीमुळे प्रत्येक तरुणाची प्रवेशावेळी वैद्यकीय तपासणी होऊ लागली. यातून एक महत्त्वाचे तत्त्व पुढे आले. शासनाच्याच डॉक्टरने तपासून ज्याला धडधाकट म्हणून सैन्यात घेतले, तो प्रवेशावेळी निरोगी होता असे मानले पाहिजे. आजार पूर्वीपासूनच होता असे म्हणावयाचे असेल तर ते शासनाने सिद्ध करावे. यामुळे प्रवेशाचा तपासणी अहवाल हा दाव्यातील पहिला आणि अत्यंत मोलाचा कागद ठरला.

दुसरा बदल १९२१ मध्ये झाला. त्या वर्षी स्थापन झालेल्या व्हेटरन्स ब्युरोच्या कायद्यात फुप्फुसाचा क्षयरोग आणि मनोविकार हे सेवामुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत ठरावीक प्रमाणात प्रकट झाल्यास ते सेवेमुळेच झाले असे गृहीत धरण्याची तरतूद होती. खंदकात विषारी वायू हुंगलेल्या अथवा तोफांच्या भडिमारात मन हरवून बसलेल्या सैनिकाकडे त्या दिवसाची नोंद क्वचितच असे. कायदेशीर गृहीतकाने ही उणीव अंशतः भरून काढली. २१ जुलै १९३० रोजी निरनिराळ्या संस्था एकत्र करून व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन हे एकच प्रशासन स्थापन झाले.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९४१ रोजी, आणखी एक कायदा झाला. प्रत्यक्ष लढाईत भाग घेतलेल्या सैनिकाने सांगितलेली इजा त्या लढाईच्या परिस्थितीशी सुसंगत असेल, तर अधिकृत नोंद नसली तरी त्याचे सांगणे ग्राह्य धरावे, असे त्यात म्हटले होते. गोळीबार चालू असताना कोणी नोंदवही उघडून बसत नाही, हे व्यावहारिक सत्य यामुळे कायद्याने मान्य केले.

अपंगत्वाचे प्रमाण ठरविण्यासाठी १९४५ ची मूल्यांकन सारणी १ एप्रिल १९४६ पासून लागू झाली. वेळोवेळी दुरुस्त झालेली तीच चौकट आजही वापरात आहे. तिच्यात शून्यापासून शंभरपर्यंत दहादहाच्या टप्प्यांनी टक्केवारी दिली जाते. एकाहून अधिक व्याधी असल्यास टक्केवारीची साधी बेरीज होत नाही. उदाहरणार्थ, ५० टक्के व ३० टक्के अशा दोन व्याधी असल्यास पहिल्या व्याधीनंतर उरलेल्या ५० टक्के क्षमतेच्या ३० टक्के, म्हणजे १५, मिळविले जातात. ६५ हा आकडा येतो आणि तो ७० टक्के धरला जातो. या गणितामुळे प्रत्येक व्याधीची स्वतंत्र व काटेकोर वैद्यकीय नोंद असणे किती आवश्यक आहे, हे लक्षात येते.

५. सेंट लुईस येथील आग (१९७३)

दोन्ही महायुद्धांतील व कोरियन युद्धातील सैनिकांच्या सेवानोंदी मिसुरी राज्यातील सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्रात ठेवलेल्या होत्या. मिनोरू यामासाकी या ख्यातनाम वास्तुविशारदाने आखलेली ही सहा मजली इमारत १९५६ मध्ये पूर्ण झाली. अभिलेखांच्या साठ्याच्या जागेत पाण्याचे फवारे बसवावेत की नाही, याबद्दल त्या काळी तज्ज्ञांत मतभेद होते. पाण्याने कागद खराब होतील या भीतीने फवारे बसविले गेले नाहीत.

१२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर सहाव्या मजल्यावर आग लागली. अग्निशमन दल काही मिनिटांतच पोहोचले. परंतु धूर आणि उष्णता यांमुळे जवानांना माघार घ्यावी लागली. आग २२ तास धुमसत राहिली आणि १६ जुलै रोजी ती पूर्णपणे विझल्याचे जाहीर झाले. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवानोंदी नष्ट झाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या स्थलसेनेच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यांत होत्या. हवाई दलातून २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात सेवामुक्त झालेल्या आणि वर्णानुक्रमाने ‘हबर्ड’ या आडनावापुढे येणाऱ्या सैनिकांच्या सुमारे ७५ टक्के नोंदी गेल्या. या कागदांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या आणि सूक्ष्मचित्रफितीही नव्हत्या. एखाद्याचे आडनाव वर्णमालेत कोठे येते, यावर त्याचा पुरावा वाचणे अथवा न वाचणे अवलंबून राहिले.

वाचलेले कागद पाण्याने भिजलेले होते व उन्हाळ्यात त्यांवर बुरशी चढू लागली. दुधाच्या पिशव्या वाहून नेण्याच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार खोक्यांत ते भरून मॅक्डोनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षात वाळविण्यात आले. एका वेळी सुमारे २,००० खोकी कक्षात मावत आणि प्रत्येक वेळी सुमारे आठ टन पाणी बाहेर निघे. अशा प्रयत्नांतून सुमारे ६५ लाख नोंदी पूर्णतः अथवा अंशतः वाचविता आल्या.

या आगीचा खरा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९५० च्या हिवाळ्यात कोरियात हिमदंश झालेला आणि १९५३ मध्ये सेवामुक्त झालेला स्थलसेनेचा एखादा शिपाई घेऊ. घरी लवकर जाता यावे म्हणून सेवामुक्तीच्या तपासणीत तक्रार न सांगणारे त्याच्यासारखे पुष्कळ होते. त्याने दावा केला नाही. कारखान्यात अथवा शेतावर काम केले. साठीनंतर पायांची बोटे बधिर होऊ लागली तेव्हा तो प्रथमच शासनाच्या दारी गेला. तोपर्यंत त्याची नोंद जळून गेलेली होती. याउलट ज्यांनी १९७३ पूर्वीच दावा केला होता, त्यांपैकी अनेकांचे कागद त्या निमित्ताने व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनकडे गेलेले असल्यामुळे वाचले. ज्याने निमूटपणे सोसले, त्याचेच अधिक नुकसान झाले.

यावर उपाय म्हणून पर्यायी कागदपत्रांवरून नोंदींची पुनर्रचना करण्याचे काम सुरू झाले. शेवटच्या वेतनाची पावती, तुकडीचा रोजचा सकाळचा अहवाल, भरती मंडळाचे कागद, राज्य शासनांकडील नोंदी यांचा त्यासाठी उपयोग झाला. लष्कराच्या सर्जन जनरल कार्यालयाने १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळातील रुग्णालय प्रवेशांची माहिती सांख्यिकीय अभ्यासासाठी सांकेतिक स्वरूपात साठविलेली होती. ती १९८८ मध्ये उपलब्ध झाली. तीत सैनिकाचे नाव नसून सेवाक्रमांक, निदान, तारीख आणि ठिकाण एवढीच माहिती होती. सकाळच्या अहवालात शोध घ्यावयाचा तर तुकडीचे नाव आणि घटनेची अंदाजी तारीख सांगावी लागे. म्हणजे कागद मिळविण्यासाठीही सैनिकाला पुन्हा आपल्या स्मरणाचाच आधार घ्यावा लागला. १८३२ मधील वृद्ध सैनिकांची परिस्थितीही याहून फारशी वेगळी नव्हती.

६. न्यायालयीन हस्तक्षेप व पुराव्याचे ओझे

१९८८ पर्यंत या दाव्यांवरील प्रशासकीय निर्णय सामान्यतः न्यायालयीन तपासणीच्या बाहेर होते. वकिलाचे शुल्कही १८६४ पासून १० डॉलरवर बांधलेले होते. सैनिकाची लुबाडणूक होऊ नये हा मूळ हेतू होता. परंतु शंभराहून अधिक वर्षे हीच मर्यादा राहिल्यामुळे त्याला वकील मिळणेच दुरापास्त झाले. माजी सैनिकांच्या संघटनांचे कार्यकर्ते विनामूल्य मदत करीत. तरीही कागद जमविण्याचा मुख्य भार सैनिकावर व त्याच्या कुटुंबावर असे. १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले व ही स्थिती पालटली.

१९९० मधील गिल्बर्ट विरुद्ध डर्विन्स्की या निर्णयात, अनुकूल व प्रतिकूल पुरावा जवळजवळ समतोल असेल तर संशयाचा फायदा सैनिकास मिळाला पाहिजे, हे तत्त्व स्पष्ट करण्यात आले. १९९१ च्या ओ’हेअर विरुद्ध डर्विन्स्की प्रकरणात, शासनाच्या ताब्यातील नोंदी हरवल्या असतील तर निर्णयाची कारणमीमांसा देण्याचे व संशयाच्या फायद्याचा विचार करण्याचे शासनाचे कर्तव्य अधिक वाढते, असे न्यायालयाने म्हटले. ९ नोव्हेंबर २००० च्या कायद्याने दावेदारास पुरावा मिळवून देण्यास साहाय्य करण्याचे कर्तव्य प्रशासनावर घातले. २००६ च्या ब्युकॅनन विरुद्ध निकोल्सन या निर्णयानुसार केवळ तत्कालीन वैद्यकीय नोंद नाही म्हणून सैनिकाचे कथन अविश्वसनीय ठरविता येत नाही. २००७ मधील जँड्रो विरुद्ध निकोल्सन हे प्रकरण तर थेट १९७३ च्या आगीशी निगडित होते. १९५७ मध्ये प्रशिक्षणात खांदा निखळल्याचा दावा असलेल्या या प्रकरणातील सेवानोंदी जळून गेल्या होत्या. निखळलेला खांदा ओळखण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. अशा बाबतीत सामान्य माणसाची साक्षही सक्षम ठरू शकते, असे अपील न्यायालयाने मान्य केले.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. न्यायालयाने पुरावा अनावश्यक ठरविला नाही. पुराव्याची व्याख्या त्याने विस्तृत केली.

७. दाव्याची कागदपत्रे : आजची पद्धती

वरील इतिहासातून दाव्याची आजची चौकट तयार झाली आहे. सर्वसाधारणपणे दावेदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : सध्याचे अपंगत्व, सेवाकाळातील घटना अथवा आजार आणि या दोहोंतील संबंध. वैद्यकीय कागदपत्रांची जुळवणी याच तीन शीर्षकांखाली केली जाते.

सेवाकाळासाठी सेवामुक्तीचा दाखला व सेवेतील उपचारांच्या नोंदी लागतात. त्या कोठे मिळतील हे सेवामुक्तीच्या तारखेवर अवलंबून असते. स्थलसेनेच्या बाबतीत १६ ऑक्टोबर १९९२ पूर्वी या वैद्यकीय नोंदी सेवानोंदींबरोबर सेंट लुईसला जात; त्यानंतर त्या माजी सैनिकांच्या खात्याकडे जाऊ लागल्या. सद्यःस्थितीसाठी शासकीय व खासगी डॉक्टरांचे तपासणी अहवाल, क्ष-किरण चित्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शस्त्रक्रियेचे कागद उपयोगी पडतात. खासगी रुग्णालयाकडील नोंदी मागविण्यासाठी सैनिकाची लेखी संमती आवश्यक असते.

तिसरा दुवा सर्वांत नाजूक आहे. आजार व सेवा यांचा संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेएवढी तरी आहे, असे डॉक्टरने सकारण लिहावे लागते. ‘असू शकेल’ एवढे मोघम विधान बहुधा अपुरे ठरते. डॉक्टरने कोणत्या नोंदी पाहिल्या, इजा केव्हा झाली, मधल्या वर्षांत लक्षणे कशी राहिली आणि निष्कर्ष कोणत्या वैद्यकीय कारणांवर आधारला आहे, हे लिहिलेले असेल तरच त्या अभिप्रायास वजन येते. मधल्या वर्षांची पोकळी भरून काढण्यासाठी पत्नी, भावंडे, सहकारी यांची निवेदने, घरी पाठविलेली जुनी पत्रे आणि छायाचित्रेही जोडता येतात. लंगडत चालताना पाहिले, रात्री दचकून उठताना पाहिले, अशी प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट साक्षीदाराने सांगावयाची असते. निदान करणे हे त्याचे काम नव्हे.

८. ज्यांची नोंद होऊच शकत नव्हती असे आजार

काही आजारांची नोंद हरवली नाही. ती मुळात होऊच शकत नव्हती. व्हिएतनाम युद्धात १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने तणनाशक रसायनांची प्रचंड प्रमाणात फवारणी केली. सैनिकाच्या अंगावर ते किती पडले, याची नोंद कोणी ठेवली नाही आणि परिणाम कित्येक वर्षांनी दिसू लागले. व्यक्तिगत पुरावा अशक्य असल्यामुळे ६ फेब्रुवारी १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांच्या ठरावीक आजारांसाठी कायदेशीर गृहीतक स्वीकारले. त्यातही किनाऱ्याजवळच्या जहाजांवरील नौसैनिक दीर्घकाळ वंचित राहिले. त्यांना २०१९ मध्ये न्यायालयीन निर्णय व कायदा यांद्वारे हा लाभ मिळाला.

मानसिक आघाताच्या बाबतीतही असेच घडले. आघातोत्तर तणाव विकारास १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले. शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीतून उद्भवलेल्या या विकारासाठी विशिष्ट घटनेचा कागदोपत्री पुरावा मागण्याची अट मात्र २०१० मध्ये शिथिल झाली. इराक व अफगाणिस्तानातील तळांवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळल्यामुळे होणाऱ्या धुराचा प्रश्न १० ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने हाताळला. प्रत्येक वेळी क्रम तोच दिसतो : आधी नकार, मग संघटित मागणी, नंतर वैज्ञानिक अभ्यास आणि शेवटी गृहीतक. या क्रमास लागणाऱ्या वर्षांत अनेक दावेदार निवर्तलेले असतात.

निष्कर्ष

१) अपंगत्व दाव्याचा इतिहास हा केवळ निवृत्तिवेतनाचा इतिहास नसून शासन आणि सैनिक यांच्यातील विश्वासाचा इतिहास आहे.

२) सेवानोंद, साक्ष आणि वैद्यकीय तपासणी या तीन आधारांची परंपरा १८६२ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. त्यांपैकी एक आधार निखळला की उरलेल्या दोहोंवर भार येतो.

३) १८०० व १९७३ च्या आगींनी एकच गोष्ट सिद्ध केली. मूळ कागदाची एकच प्रत ठेवणे म्हणजे सैनिकाचा हक्क एका ठिणगीच्या स्वाधीन करणे होय. दुसरी प्रत ठेवणे ही शासनाची जबाबदारी असली तरी सेवामुक्तीच्या दिवशीच स्वतःच्या वैद्यकीय कागदांची प्रत घेणे, हे प्रत्येक सैनिकासाठी शहाणपणाचे ठरते.

४) पुराव्याचे ओझे सैनिकाकडून शासनाकडे हळूहळू सरकले, परंतु ते आपोआप सरकले नाही. त्यामागे न्यायालयीन लढे आणि सैनिक संघटनांचे दीर्घ प्रयत्न आहेत.

५) नोंदीतील त्रुटी तटस्थ नसतात. कृष्णवर्णीय सैनिक, मनोविकारग्रस्त सैनिक आणि सेवामुक्तीच्या वेळी तक्रार न करणारा सैनिक यांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या आणि त्यांचे दावेही दुर्बळ झाले. म्हणून नोंद नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा घेणे अन्यायकारक ठरते.

सैन्यात भरती होताना शासन सैनिकाच्या शब्दावर आणि शरीरावर विश्वास ठेवते. तो परत आल्यावर त्याच शब्दावर किती विश्वास ठेवावयाचा, हा प्रश्न १७७६ पासून आजतागायत पूर्णपणे सुटलेला नाही. वैद्यकीय नोंदींचे जतन हे म्हणूनच केवळ दफ्तराचे काम न राहता न्यायाचे काम ठरते.